गर्भारपणातील व बाळंतपणानंतरची रक्तदाब-तपासणी

गर्भवतीला कोणताही त्रास नसतानाही दर भेटीला रक्तदाब मोजून उच्च रक्तदाबाचे विकार वेळीच हेरण्याची पद्धत. डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे लक्षणांची वाट पाहत नाहीत.

वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 वा त्याहून अधिक, असा रक्तदाब किमान 4 तासांच्या अंतराने दोनदा आढळला की तो उच्च मानतात. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 वा त्याहून अधिक भरल्यास मात्र काही मिनिटांतच पुन्हा मोजून उपचार सुरू करतात. गर्भारपणाच्या 20 व्या आठवड्यापूर्वी आढळलेला उच्च रक्तदाब बहुधा आधीपासूनचाच असतो. त्यानंतर तो नव्याने उद्भवला आणि सोबत लघवीत प्रथिने आढळली किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांवर परिणाम दिसला, तर त्यास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यात झटके आले की ती एक्लॅम्प्सिया होय.

मोजणी सोपी वाटते, पण चुका तिथेच होतात. स्त्रीने 5 मिनिटे शांत, पाठ टेकून, पायांवर पाय न टाकता बसावे. दंड हृदयाच्या पातळीत असावा. दंडाला बांधायचा पट्टा दंडाच्या मानाने लहान पडला, तर आकडा खोटाच वाढतो. डाव्या कुशीवर झोपवून वर राहिलेल्या उजव्या हाताचा रक्तदाब घेतला, तर तो प्रत्यक्षाहून कमी भरतो. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृती दलाने 2023 मध्ये संपूर्ण गर्भारपणात रक्तदाब मोजण्याची शिफारस केली. लघवीतील प्रथिनांची पट्टी-चाचणी निदानाला साहाय्यक असली, तरी एकटीच्या भरवशावर राहण्याजोगी नाही. ज्यांना धोका अधिक, त्यांना 12 आठवड्यांनंतर, शक्यतो 16 व्या आठवड्यापूर्वी, कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू करतात.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा बाळंतपणानंतरचा. प्रसूती झाली की आजार संपला, असा समज घरच्यांचा असतोच, पण काही वेळा दवाखान्यातही तो दिसतो. वास्तविक रक्तदाब साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वाधिक चढतो. तोवर बाळंतीण बहुधा घरी परतलेली असते. आधी कधीही रक्तदाब न वाढलेल्या स्त्रीलाही पहिल्या 6 आठवड्यांत प्री-एक्लॅम्प्सिया होऊ शकतो. म्हणून गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्यांची तपासणी 7 ते 10 दिवसांत, तर तो तीव्र असलेल्यांची 72 तासांच्या आत करतात. घरी यंत्र ठेवून रोज मोजणे हाही चांगला मार्ग आहे. अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघाताचा धोका अधिक असल्याने रक्तदाबाची तपासणी त्यानंतरही नियमित करतात.