प्लगइन आणि एक्स्टेन्शन: फोनवर एक चालत का नाही, दुसरं मिळत का नाही

एखादी जुनी वेबसाइट फोनवर उघडली की पानाच्या मधोमध कधी कधी राखाडी चौकोन दिसतो. त्यात जिगसॉ कोड्याच्या तुकड्याचं चित्र असतं आणि खाली एक ओळ, हे प्लगइन चालत नाही. आता कॉम्प्युटरवर क्रोम उघडा. वर उजव्या बाजूला तसाच कोड्याचा तुकडा दिसेल, पण त्यावर क्लिक केलं की एक्स्टेन्शनची यादी उघडते. चित्र एकच असल्यामुळे गल्लत होणारच. मग लोक फोनमध्ये 'प्लगइन कुठून चालू करायचं' हे शोधत बसतात आणि तासभर सेटिंग्ज चाळूनही हाती काही लागत नाही.

दोन्ही गोष्टी फोनवर सहसा नसतात हे खरं, पण नसण्याची कारणं वेगळी आहेत. प्लगइन फोनवर करून पाहिलं गेलं आणि ते जमलं नाही. एक्स्टेन्शन फोनवर उत्तम जमतं, तरी काही ब्राउझर ते देत नाहीत.

दोन्हींतला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: हे कोणाला हवं आहे?

प्लगइन पानाला हवं असतं. पान बनवणाऱ्याने त्यात ऑब्जेक्ट किंवा एम्बेड हा टॅग, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, घालून सांगितलेलं असतं की इथे फ्लॅशची (ॲनिमेशन, व्हिडिओ, खेळ दाखवणाऱ्या अडोबी कंपनीच्या तंत्राची) फाइल आहे. ही फाइल ब्राउझरला स्वतः वाचता येत नाही. तो तेवढा चौकोन बाहेरच्या प्रोग्रॅमच्या ताब्यात देतो आणि त्या चौकोनात काय चाललंय याच्याशी त्याचा फारसा संबंध उरत नाही. प्लगइन नसेल तर पानाचा तेवढा भाग रिकामा राहतो. एक्स्टेन्शन मात्र तुम्हाला हवं असतं. जाहिराती अडवणं, पासवर्ड भरणं, मजकुराचं भाषांतर करणं अशी कामं ते तुमच्यासाठी करतं. ते नसलं तरी पान पूर्ण दिसतं, फक्त तुमची सोय जाते.

आता प्लगइनचं का जमलं नाही ते पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

प्लगइन ब्राउझरला जोडण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यात नेटस्केप या त्या काळच्या ब्राउझर कंपनीने आणली. ती एनपीएपीआय या नावाने ओळखली जाते. फ्लॅश, जावा, मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट ही सगळी प्लगइन्स म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतले प्रोग्रॅम होते. विंडोजसाठी बनवलेलं प्लगइन मॅकवर चालत नसे, आणि इंटेलच्या प्रोसेसरसाठी बनवलेलं प्लगइन फोनमधल्या एआरएम प्रोसेसरला कळतही नसे. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळं प्लगइन हवं. हे कष्टाचं काम असलं तरी अशक्य नव्हतं. मोठी अडचण परवानगीची होती. कॉम्प्युटरवरच्या प्लगइनला जवळपास तेवढेच अधिकार मिळत जेवढे कुठल्याही प्रोग्रॅमला मिळतात, म्हणून त्यातली एखादी फट सापडली की हल्लेखोर नुसत्या वेबपानावरून थेट मशीनमध्ये शिरू शके. फोनची रचना याच्या नेमकी उलट आहे. तिथे प्रत्येक ॲप आपापल्या कुंपणात राहतं. आयफोनवर तर ॲपलची सही नसलेला प्रोग्रॅम बाहेरून आणून ॲपच्या आत चालवताच येत नाही. अशा घरात प्लगइनला दारच नाही.

२००७ साली आयफोन आला तो फ्लॅशशिवाय. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणं दिली. सुरक्षितता, बॅटरी, बोटाने चालणारा पडदा आणि फ्लॅशवर एकट्या अडोबीचं असलेलं नियंत्रण हे त्यातले मुख्य मुद्दे. ॲपलचे व्यावसायिक हेतू त्यात नव्हतेच असं मी म्हणणार नाही. पण दोन तांत्रिक मुद्दे मला आजही पटतात. एक व्हिडिओचा. एच.२६४ या पद्धतीने आकसून साठवलेला व्हिडिओ उलगडण्यासाठी फोनच्या चिपमध्ये वेगळा भाग असतो. त्याच्याऐवजी तेच काम मुख्य प्रोसेसरवर पडलं की बॅटरी भराभर उतरते, आणि फ्लॅशमधला बराच जुना व्हिडिओ असाच चाले. दुसरा मुद्दा बोटाचा. फ्लॅशमधले मेनू आणि खेळ माउस गृहीत धरून केलेले असत. बाण वर नेला की मेनू उघडे, बाजूला नेला की मिटे. बोट पडद्यावर नुसतं तरंगत ठेवता येत नाही, ते टेकतं किंवा उचललं जातं. त्यामुळे प्लगइन चाललं असतं तरी तो मेनू वापरता आला नसता.

हा ॲपलचा हट्ट होता की खरी अडचण, याचं उत्तर अँड्रॉइडने दिलं. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ सोबत फ्लॅश प्लेअर १०.१ फोनवर आला. दार उघडं होतं, अडोबीची माणसं मनापासून कामाला लागली होती, आणि तरीही नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने मोबाइलसाठीच्या फ्लॅशचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. १५ ऑगस्ट २०१२ पासून गुगल प्लेवरून तो नव्याने घेणंही बंद झालं. मायक्रोसॉफ्टचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. विंडोज फोन ७ वरची ॲप्स सिल्व्हरलाइटमध्येच लिहिली जात, पण त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये सिल्व्हरलाइटचं प्लगइन चालत नसे.

फोनमध्ये प्लगइन नाही ही फोनची कमतरता आहे, ही समजूत तर आता सोडूनच द्यायला हवी. कॉम्प्युटरही त्याच वाटेने गेले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये एनपीएपीआय पूर्ण काढून टाकलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन्स बंद केली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच संपलं.

एक्स्टेन्शनची गोष्ट साधी आहे. जावास्क्रिप्टच्या काही फाइली, थोडं एचटीएमएल आणि परवानग्यांची यादी देणारी एक मॅनिफेस्ट फाइल, हे सगळं एका झिपमध्ये बांधलेलं असतं. ते ब्राउझरच्याच इंजिनवर, ब्राउझरने आखून दिलेल्या हद्दीत चालतं, त्यामुळे प्रोसेसर कुठला याने फरक पडत नाही. अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स एक्स्टेन्शन्स चालवतो. २०२० च्या फेरबांधणीनंतर तिथे मोजकीच उरली होती, डिसेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा सगळ्यांसाठी खुली झाली. आयफोनवर सफारीमध्ये २०२१ च्या आयओएस १५ पासून एक्स्टेन्शन्स आहेत, फक्त ती ॲप स्टोअरमधून ॲपसोबत येतात. अँड्रॉइडवरच्या नेहमीच्या क्रोममध्ये ती नाहीत. लहान पडदा, कमी मेमरी, मागे चालणारी कामं फोनने मधेच बंद करणं, या अडचणी खऱ्या आहेत. पण शेजारच्याच ब्राउझरने त्या सोडवल्या आहेत, तेव्हा मी याला अशक्यता म्हणणार नाही. हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा निर्णय आहे.

शब्दांनीही गोंधळ वाढवला आहे. फायरफॉक्स सगळ्यांना मिळून ॲड-ऑन म्हणतो, आणि कॉम्प्युटरवर त्याच्या यादीत 'प्लगइन' हा वेगळा विभाग अजून आहे. त्यात ओपनएच२६४ आणि वाइडव्हाइन अशी व्हिडिओसाठी लागणाऱ्या प्रोग्रॅमची नावं दिसतात. ती ब्राउझर स्वतःच आणतो, पान वाटेल ते प्लगइन मागू शकत नाही. वेबसाइट बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेसचं प्लगइन तर तिसरंच. ते वेबसाइटच्या सर्व्हरवर चालतं, तुमच्या फोनशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा राखाडी चौकोन दिसला तर फोनमध्ये काही बसवायला जाऊ नका. अँड्रॉइडसाठी फ्लॅश प्लेअर म्हणून एपीके (ॲप बसवायची) फाइल देणाऱ्या साइट्सपासून तर दूरच राहा, या नावाखाली बँकेचे तपशील चोरणारी ॲप्स पसरवली गेली आहेत. चौकोन दुरुस्त करणं वेबसाइटवाल्याच्या हातात आहे. व्हिडिओ असेल तर तो साध्या व्हिडिओ टॅगमध्ये घालता येतो. जुना खेळ किंवा शिकवणारं ॲनिमेशन असेल आणि त्याची मूळ फाइलच काय ती उरली असेल, तर रफल नावाचा मोफत, मुक्त प्रोग्रॅम आहे. तो वेबअसेंब्लीच्या, म्हणजे ब्राउझरला स्वतः चालवता येणाऱ्या कोडच्या, रूपात ब्राउझरच्या कुंपणातच चालतो आणि फ्लॅशची फाइल वाचून दाखवतो. नव्या ॲक्शनस्क्रिप्टमधल्या (फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या) काही फाइली त्याला अजून नीट जमत नाहीत, जुन्या मात्र बहुतेक छान चालतात, फोनवरसुद्धा. वेबसाइटवाल्याने तो पानात बसवला की वाचणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. साइट बेवारस पडली असेल तर कॉम्प्युटरवर तो तुम्हाला स्वतःच बसवता येतो, कारण रफल एक्स्टेन्शन म्हणूनही मिळतो.