पिलारची इगर्जी (चर्च) आणि मठाचा चौक : निघण्याआधी एवढं वाचून घ्या

आमच्या गोव्याच्या सहलीत पिलारसाठी अख्खी सकाळ राखून ठेवलेली असते. "एका चर्चला एवढा वेळ?" असं बुकिंग करताना बरेच जण विचारतात. जुन्या गोव्यातली भव्य चर्चं पाहिली, आता ही टेकडी अर्ध्या तासात उरकू, असं वाटणं साहजिक आहे. म्हणूनच हे पत्रक. शक्यतो घरी निवांत वाचा.

पणजीहून मडगावच्या वाटेला लागलं की बारा-एक किलोमीटरवर गोवा वेल्हा लागतं. नावाचा अर्थ जुनं गोवं असाच, पण बाँ जीझस चर्चचं जुने गोवे ते वेगळं. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांची इथेच गल्लत होते. कदंब राजांचं गोपकपट्टण झुआरीकाठी इथेच वसलेलं होतं. पिलारच्या टेकडीवर तेव्हा शिवाचं देऊळ होतं. १६१३ साली फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी तिथे मठ बांधला. पिलार म्हणजे खांब. स्पेनमधल्या सारागोसा शहरात खांबावर उभी असलेली मारिया माता, तिच्या नावाची ही इगर्जी, आणि आतली मूर्तीही स्पेनहून आणलेली. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना गोव्यातून घालवलं, तेव्हा मठ ओस पडला. १८५८ मध्ये कार्मेलाइट पंथाच्या साधूंनी तो पुन्हा जागता केला आणि १८९० पासून तो पिलार सोसायटी या पाद्र्यांच्या संस्थेकडे आहे.

इगर्जीत शिरताना पायाखाली बघा. फरशीत जुन्या पोर्तुगीज घराण्यांचे समाधी-दगड आहेत. अक्षरं पावलांनी झिजली आहेत, तरी तिरप्या उजेडात वाचता येतात.

मग मठाच्या चौकात या. आपला चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा : मधे उघडं अंगण, चारी बाजूंनी पडवी, ऊन-पाऊस थेट चौकात. मठाची मांडणी अशीच असते, फक्त खांबांच्या जागी कमानी. मधल्या बागेभोवती साधू प्रार्थना पुटपुटत फेऱ्या घालायचे. चालणं हाच त्यांचा जप. इथे घाई करू नका. मुलांनाही एक फेरी न बोलता घालायला सांगा, त्यांना ते जमतं. बागेत काय फुललं असेल ते हंगामावर. पण बघता बघता एवढं आठवा, की काजू, अननस, पपई, पेरू, मिरची हे सगळं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलं, आणि आंब्याची कलमं गोव्यात पाद्र्यांच्या बागांतून रुजली. 'हापूस' हा शब्दसुद्धा 'अफोंसो'चाच. फुलं मात्र तोडू नका, देवाला वाहायलाही नको.

वाशी-वांद्र्याकडच्या लोकांना फादर ॲग्नेल हे नाव शाळा-कॉलेजांमुळे पाठ असतं. ते आग्नेलो डिसोझा हेच. जन्म १८६९ साली हणजुण्याला, मृत्यू २० नोव्हेंबर १९२७ रोजी राशोलला. १९३९ मध्ये त्यांचे अवशेष पिलारला आणले. १९८६ साली पोपनी त्यांना 'पूज्य' घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे. त्यांच्या समाधीशी गुरुवारी खूप गर्दी असते, आणि त्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. नवस बोलायचा, फेडायचा असेल तर गुरुवार घ्या. शांतता हवी असेल तर दुसरा वार सांगा, आम्ही तसा बेत बसवतो.

आता वागण्याबद्दल. एकदा आमच्यासोबतच्या एका आजींनी दारातल्या भांड्यातलं पाणी तीर्थ समजून ओंजळीत घेतलं. त्यांचा भाव खरा होता, पण ते पाणी प्यायचं नसतं. बोटं बुडवून क्रूसाची खूण करायची असते. बाकांपुढची बुटकी फळी गुडघे टेकायला असते, तिच्यावर पाय ठेवू नका. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहा, लोक उभे राहिले की उभे राहा. शेवटी वाटतात ती पांढरी चकती प्रसादासारखी दिसते, पण ती फक्त कॅथलिकांसाठी असते. रांगेत उभं राहू नये. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे हवेत. मेणबत्ती मात्र कुणीही लावावी. फोटो काढण्याआधी विचारा, आणि बंद दारं ढकलू नका. तिथे माणसं राहतात, शिकतात.

संग्रहालयात त्या जुन्या देवळाचे अवशेष जपून ठेवले आहेत. ते न बघता परतू नका. बाहेर टेकडीवरून झुआरीचं पात्र दिसतं. डबा तिथे उघडत नाही, खाली उतरल्यावर जेवतो.

सावंतवाडीहून गाडी सकाळी साडेसहाला सुटते. आजी-आजोबांना चढ सोसणार नसेल तर आधी सांगा, गाडी वरपर्यंत नेतो.