तुलांबेनचे बुडीत जहाज

इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, तुलांबेन गावासमोर पाण्याखाली असलेले सुमारे १२५ मीटर लांबीचे अमेरिकी मालवाहू जहाज. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे, करणाऱ्यांत त्याचे नाव झाले ते उथळपणामुळे. वरचा भाग पृष्ठभागाखाली अवघ्या ५ मीटरांवर आहे, तळ सुमारे ३० मीटरांवर; आणि किनारा इतका जवळ, की होडी लागत नाही.

हे जहाज म्हणजे 'यूएसएटी लिबर्टी' ('यूएसएटी' म्हणजे अमेरिकी लष्कराचे वाहतूक जहाज). ते १९१८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील कर्नी येथे बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात मोठ्या संख्येने बांधलेल्या 'लिबर्टी शिप' जहाजांशी त्याची नेहमी गल्लत होते, पण साम्य फक्त नावाचे. ११ जानेवारी १९४२ रोजी रबर आणि रेल्वेचे सुटे भाग घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे जाताना लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडी 'आय-१६६'चा टॉर्पेडो त्याला लागला. अमेरिकी 'पॉल जोन्स' आणि डच 'व्हॅन घेंट' या विनाशिकांनी ते बालीच्या उत्तर किनाऱ्यावरील सिंगराजा बंदराकडे ओढत नेले. पण आत पाणी फार भरले, तेव्हा निदान माल तरी वाचावा म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवले. युद्धाने हे जहाज बुडवले नाही. ते बुडाले १९६३ मध्ये, आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या हादऱ्यांनी किनाऱ्यावरून घसरून. त्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे दगावली. जहाजाच्या कहाणीत ही गोष्ट अनेकदा गाळली जाते, ती गाळू नये.

उतारावर आडवे पडल्यामुळे एकाच जहाजात प्रत्येकाला आपापल्या बेताची खोली मिळते. १० मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, ३० मीटरांवर चौपट. म्हणून ३० मीटरांवर तीच टाकी १० मीटरांच्या मानाने निम्म्या वेळात संपते आणि शरीरात नायट्रोजनही भराभर विरघळतो. सुज्ञ पाणबुडा आधी खोल भाग पाहतो आणि उरलेली हवा वरच्या भागासाठी राखतो. हा वरचा भागच अधिक देखणा आहे, कारण तिथे उजेड पोहोचतो आणि प्रवाळांचे रंग शाबूत दिसतात. खोलवर लाल रंग आधी नाहीसा होतो. समुद्रपंखांचा, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या प्रवाळांचा, खरा रंग पाहायचा तर विजेरी हवी.

पाणी साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअस असते. पहाटेची बुडी चुकवू नये: कपाळाला टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे रात्री जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडताच थव्याने बाहेर पडतात. आसपासच्या वाळूत बिळे करून राहणारे ईल, म्हणजे सापासारखे लांब मासे, अर्धे अंग बाहेर काढून डोलत असतात. जवळ गेले की आत जातात.

अवघड काम पाण्यात शिरण्याचे आणि बाहेर येण्याचे आहे. किनारा काळ्या ज्वालामुखी गोट्यांचा. लाट आली की ते पायाखालून सरकतात. त्याच गोट्यांवरून गावातल्या बाया टाक्या डोक्यावर घेऊन सहज चालत येतात. जहाज ठिकठिकाणी फुटून मोकळे झालेले असले, तरी गंजलेले पत्रे धारदार आहेत आणि सांगाडा दरवर्षी थोडा थोडा खचतो. आधारासाठी पत्रा धरणे हातालाही वाईट, प्रवाळालाही. म्हणून तरंगण्यावर ताबा आल्याशिवाय आतल्या भागात शिरू नये.

कोकणात पावसाळ्यामुळे स्कूबा बंद असते, नेमका तेव्हाच बालीत कोरडा हंगाम असतो. मालवणला बुडी शिकलेल्यांना हे सोयीचे पडते.