आमच्यानंतर काय? या प्रश्नामागची पावणेदोनशे वर्षं

आमच्यानंतर आमच्या मुलाचं काय, हा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न. 1983 च्या सुमारास अमेरिकेत डाऊन सिंड्रोम (जन्मापासूनचं असंच एक अपंगत्व) असलेला माणूस साधारण 25 वर्षं जगायचा, आज साठीपर्यंत जातो. हा एक आकडा डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण सगळी गोम तिथेच आहे. अशा माणसांसाठी सेवांची आखणी करणारे जे कोणी होते, सरकार, डॉक्टर, संस्थाचालक, त्यांनी बेड मोजले, इमारती मोजल्या, बजेट मोजलं, पण हा माणूस किती वर्षं जगणार आणि त्याचे आईवडील किती वर्षं जगणार हे दोन आकडे शेजारी मांडून बघायला मात्र फार उशीर लावला.

सुरुवात खरं तर चांगली होती. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये एदुआर सेगँ नावाच्या माणसाने दाखवून दिलं की ज्यांना शिकवणं अशक्य आहे असं डॉक्टर म्हणायचे ती मुलंही शिकतात, हळूहळू शिकतात पण शिकतात. 1848 मध्ये सॅम्युएल हाऊने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये तशीच शाळा काढली, शाळा बरं का, आश्रम नाही, मूल यायचं, काही वर्षं शिकायचं आणि घरी परत जायचं असा हिशेब होता. पण मुलं मोठी झाली आणि कुणाला घर उरलं नव्हतं, कुणाला घरचे न्यायला तयार नव्हते, मग ती तिथेच राहिली, आणि शाळेची बघता बघता कायमची वसाहत झाली. मूल अठराचं झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा दारात उभा होता आणि उत्तर काय निघालं तर अजून एक इमारत बांधा. खुद्द हाऊ 1866 मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका अंधांच्या संस्थेच्या पायाभरणीला गेला होता आणि तिथेच त्याने सांगितलं की अशी माणसं वेगळी काढून एका जागी गोळा करू नका. पायाभरणीच्या कार्यक्रमात! ऐकतंय कोण.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं वाचवत नाहीत. या लोकांपासून समाजाला वाचवायचं असा उलटाच सूर लागला, 1927 मध्ये बक विरुद्ध बेल खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 मतांनी सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली आणि त्या काळच्या कायद्यांखाली देशभरात 60 हजारांवर लोकांची नसबंदी झाली. संस्था फुगतच गेल्या. 1967 ला सरकारी संस्थांमधली संख्या 1 लाख 95 हजारांच्या आसपास गेली, तो उच्चांक.

प्लॅनिंग हा शब्द खऱ्या अर्थाने आला तो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या काळात. त्यांची बहीण रोझमेरी, तिच्यावर 1941 मध्ये मेंदूचं ऑपरेशन झालं आणि ती कायमची परावलंबी झाली, त्यामुळे हा विषय त्या घरात नुसता फाइलीतला नव्हता. 1961 मध्ये त्यांनी तज्ज्ञांचं पॅनल नेमलं, वर्षभरात रिपोर्ट आला आणि ऑक्टोबर 1963 मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन कायदे झाले. त्यातल्या एकात राज्यांना फक्त आखणी करण्यासाठी पैसे दिले होते, म्हणजे आधी बसा, तुमच्याकडे किती लोक आहेत, त्यांना काय काय लागतं ते ठरवा. आज साधी गोष्ट वाटते, तेव्हा नव्हती. मग 1970 च्या कायद्यात ‘विकासात्मक अपंगत्व’ ही संज्ञा आली, त्यात बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी आणि एपिलेप्सी असं धरलं, ऑटिझमचं नाव 1975 ला जोडलं गेलं, आणि 1978 ला व्याख्याच बदलली: निदानाचं नाव काय यापेक्षा रोजच्या जगण्यात कुठे कुठे मदत लागते आणि ती दीर्घकाळ लागणार आहे का, हे बघायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित पण महत्त्वाचा बदल हाच, कारण निदानावरून फार तर औषधं ठरतील, त्या माणसाला सकाळी अंघोळीला कोण मदत करणार हे नाही ठरत.

तिकडे डेन्मार्कमध्ये निल्स एरिक बँक-मिकेल्सन या सरकारी अधिकाऱ्याने 1959 च्याच कायद्यात वेगळं काहीतरी घातलं होतं. या लोकांचं आयुष्य शक्य तितकं बाकीच्यांसारखं असावं, बस्स एवढंच. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी 1969 मध्ये ते उलगडून सांगितलं, दिवसाची लय, आठवड्याची, वर्षाची, कामाची जागा वेगळी आणि राहण्याची वेगळी, सुट्टी, स्वतःची निवड. स्वीडनने पुढे 1994 पासून एक हक्काचा कायदाच लागू केला आणि 1999 च्या अखेरपर्यंत मोठ्या संस्था बंद करायच्या असं तारीख घालून ठरवलं. तारीख घालणं महत्त्वाचं. ब्रिटनने 1971 च्या धोरणात वीस वर्षांत हॉस्पिटलमधले बेड साधारण निम्मे करायचं ठरवलं होतं, तोही लांब पल्ल्याचाच विचार म्हणायचा, पण मोजमाप पुन्हा बेडचंच!

अमेरिकेत मात्र संस्था बंद व्हायला कॅमेरा लागला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची विलोब्रूक ही सरकारी संस्था, 4 हजारांसाठी बांधलेली, 1965 मध्ये जॉन केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी बघायला गेले तेव्हा तिथे 6 हजारांच्या वर माणसं कोंबलेली होती, बाहेर येऊन ते खूप कडक बोलले, तरी फारसं हललं नाही. 1972 मध्ये एका टीव्ही रिपोर्टरने आतलं चित्रण दाखवलं आणि मग लोक हादरले, पालक कोर्टात गेले, 1975 मध्ये कोर्टापुढे तडजोडीचा करार झाला, शेवटी 1987 ला ती जागा बंद.

आता पैशाची गोष्ट, आणि खरा गुंता इथे आहे. 1971 पासून मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून, अशा संस्थांना पैसे मिळायला लागले, पण त्याच माणसाने घरी राहायचं म्हटलं तर नाही. 1981 मध्ये केटी बेकेट नावाच्या एका लहान मुलीची केस गाजली, तिची घरी काळजी घेणं हॉस्पिटलपेक्षा कितीतरी स्वस्त पडत होतं पण नियम असा की घरी नेलं तर मदत बंद. त्याच वर्षी कायद्यात ‘वेव्हर’ आला, म्हणजे राज्यांनी परवानगी घेऊन घरच्या आणि वस्तीतल्या सेवांवर हा पैसा वापरायचा. छान. फक्त एक मेख राहिली, संस्थेतली जागा हा हक्क आणि घरची सेवा ही ऐच्छिक, त्यात राज्याला किती जणांना द्यायची याची मर्यादा घालता येते. आजच्या लांबलचक वेटिंग लिस्टचा जन्म इथला. देशभरात सहा लाखांच्या वर लोक त्या लिस्टवर आहेत आणि त्यात बहुसंख्य बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेलेच.

1999 च्या ओल्मस्टेड निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कारण नसताना संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. पण राज्याला सुटका कशी मिळेल तेही सांगितलं: नीट चालणारा प्लॅन हवा आणि वेटिंग लिस्ट वाजवी वेगाने सरकत राहिली पाहिजे. म्हणजे प्लॅन असणं हा आता बचावाचा मुद्दा झाला, आणि मग काय, धडाधड प्लॅन लिहिले गेले, वाजवी वेग म्हणजे किती हे मात्र त्यांच्यातही सगळीकडे सारखं नाही.

या सगळ्यात पालक नुसते वाट बघत बसले होते असं नाही. कॅनडात 1989 मध्ये काही आईबाबांनी प्लॅन नावाची संस्था काढली, त्यांचं म्हणणं सरळ होतं, सरकार पैसे देईल पण आमच्या मुलाच्या वाढदिवसाला घरी कोण येणार ते सरकार नाही ठरवणार, म्हणून प्रत्येकाभोवती माणसांचं वर्तुळ आधीपासून तयार करायचं. 2008 मध्ये तिथे अपंगांसाठी दीर्घ मुदतीची बचत योजना आली त्यामागेही याच पालकांचा रेटा होता. इंग्लंडच्या 2001 च्या धोरणात पहिल्यांदा असं काही स्पष्ट लिहिलं गेलं की ज्यांचे सांभाळणारे सत्तरीच्या पुढे आहेत त्यांचा प्लॅन आधी करा. पॅरिसच्या त्या शाळेनंतर दीडशे वर्षांहून जास्त वेळ गेला तेव्हा कुठे आईवडिलांचं वय सरकारी कागदावर आलं.

आणि विलोब्रूकचं राहिलंच. 1993 मध्ये कोर्टाने कायमचा आदेश दिला, त्या खटल्यातल्या माणसांना ती जिवंत असेपर्यंत ठरावीक दर्जाच्या सेवा द्यायच्याच. आता ती म्हातारी झाली आहेत, बऱ्याच जणांचे आईवडील कधीच गेले, तरी त्यांचं काय हा प्रश्न कोणाला पडत नाही कारण त्याचं उत्तर कोर्टात लिहून ठेवलंय. त्याच जागेवर त्याच वर्षी एक कॉलेज सुरू झालं, अजून आहे.