चुरापचा: गवताचं गाव आणि खचलेली शेतं

पूर्व सायबेरियातल्या साखा प्रजासत्ताकात, म्हणजे याकुतियात, चुरापचा हे गाव याकुत्स्कच्या पूर्वेला रस्त्याने सुमारे १८० किलोमीटरवर आहे. वाटेत लेना नदी लागते. तिच्यावरचा पूल अजून पूर्ण झालेला नाही. उन्हाळ्यात फेरीबोट चालते आणि हिवाळ्यात बर्फावरून गाड्या जातात. नदी गोठताना आणि तिच्यावरचा बर्फ फुटताना मात्र काही आठवडे वाहनांची वाट बंदच. या गावाभोवतीची जुनी शेतं आज टेकाडा-खळग्यांनी भरलेली दिसतात. नुसत्या हवामानबदलाकडे बोट दाखवून त्यांचा उलगडा होत नाही.

लेना आणि अमगा या नद्यांमधल्या प्रदेशात बऱ्याच ठिकाणी दोनेक मीटर मातीखाली, बारमाही गोठलेल्या जमिनीत, हिमयुगातल्या बर्फाच्या पाचरी आहेत. कडाक्याच्या थंडीत जमीन तडकायची, वसंतात भेगेत पाणी शिरून गोठायचं. हजारो वर्षं हेच चालत राहिल्याने पाचरी रुंद आणि खोल झाल्या, त्यांचं बहुकोनी जाळं तयार झालं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हवा उबदार झाली, तेव्हा अनेक ठिकाणी हा बर्फ वितळून जमीन बसली. आधी तळी झाली, मग ती आटत गेली. मधोमध पाणी आणि भोवती गवत असे खोलगट माळ उरले. हेच अलास.

साखा लोकांचे तुर्किक कुळातली भाषा बोलणारे पूर्वज दक्षिणेकडून गुरं-घोडे घेऊन आले, तेव्हा तैगाच्या जंगलात त्यांना तयार कुरण मिळालं ते अलासांवर. कुटुंबं विखरून राहत. हिवाळ्याचं घर वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. तिरप्या ओंडक्यांच्या भिंती शेण-मातीने सारवत आणि गोठा घराला लागूनच असे. सगळं गणित वैरणीवर बेतलेलं होतं. हिवाळ्यात गुरं सात-आठ महिने गोठ्यात राहतात आणि एका गाईला त्या काळात साधारण दोन टन सुकं गवत लागतं. कापणी जुलैच्या मध्यापासून सुरू होते. घोडे मात्र खुराने बर्फ उकरून चरतात. पिण्याचं पाणीही अलासातलंच: शरदाच्या शेवटी तळ्यावरच्या बर्फाच्या लाद्या कापायच्या, अंगणात रचायच्या आणि लागेल तशा घरात वितळवायच्या.

या जीवनाला पहिला मोठा धक्का १९३०च्या दशकातल्या सामूहिकीकरणाने, म्हणजे खासगी शेती-गुरं एकत्र करून सामूहिक शेतं उभारण्याच्या सोव्हिएत धोरणाने दिला. विखुरलेली कुटुंबं वस्त्यांमध्ये एकवटली. पाठोपाठ १९३९ ते १९४२ सलग दुष्काळ पडला, गवत जळालं, गुरं मेली. १९४२ साली चुरापचा जिल्ह्यातल्या ४१ सामूहिक शेतांवरची कुटुंबं सक्तीने उत्तरेला, लेनेच्या खालच्या खोऱ्यात, मासेमारीसाठी हलवली गेली. सुमारे पाच हजार माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी भुकेने, थंडीने दगावली. गुराख्यांना मासे धरायला पाठवणारा तो हुकूम जिल्ह्याच्या स्मृतीतली सर्वांत खोल जखम आहे. १९४४ नंतर परतीची वाट उघडली, पण सोडलेले सगळे अलास पुन्हा वसले नाहीत.

सोव्हिएत काळात धान्य आणि चाऱ्यासाठी अलासांबाहेरचं जंगल तोडून नांगरट झाली, आणि चूक घडली ती इथे. लार्च या सूचिपर्णी झाडांची सावली आणि जमिनीवरचं शेवाळ, पालापाचोळा उन्हाळ्याची ऊब अडवतात. ते काढलं की जमीन जास्त खोल वितळते. पाचरींच्या माथ्यावर गोठलेल्या मातीचा पातळ संरक्षक थर असतो. उष्णता तो ओलांडून गेली की पाचर वरून वितळू लागते. पाचरींच्या रेषेत चर पडतात, मधली माती टेकाडासारखी उभी राहते. चरात साचलेलं पाणी आणखी ऊब धरतं आणि खचणं वाढवतं. नांगर, कापणीयंत्र तिथे चालत नाही. विमानतळाची सपाट केलेली जमीनही अशीच बसली आणि धावपट्टी सोडून द्यावी लागली.

म्हणून खड्डा नुसता मातीने भरून भागत नाही. पाणी आधी बाहेर काढावं लागतं, नाहीतर भराव दोन-तीन उन्हाळ्यांत पुन्हा बसतो. नवं घर खांबांवर उचलून बांधतात आणि खालून हिवाळ्याचा वारा खेळता ठेवतात. चुलीची ऊब जमिनीत उतरू लागली की एक कोपरा आधी कलतो, दारं अडकू लागतात. अंगणातला बर्फ हिवाळाभर उपसणंही उपयोगाचं आहे, कारण बर्फाच्या पांघरुणाखाली थंडी जमिनीत पोहोचत नाही. आणि जिथे जंगल अजून उभं आहे, तिथे ते तोडू नये. पाचरी वाचवण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही.