१७६६३१९०४९ : भास्कराचार्यांच्या एका उत्तराची पार्श्वभूमी

एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. या संख्येचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला ६१ ने भागा. येणारा भागाकार पुन्हा पूर्ण वर्गच असतो, २२६१५३९८० चा. शिवाय तिच्या शेजारच्या दोन संख्या पाहा. एकने लहान असलेली म्हणजे २९७१८ च्या वर्गाची दुप्पट. एकने मोठी असलेली म्हणजे ३८०५ च्या वर्गाची १२२ पट.

ही संख्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, आलेली आहे. एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गच यावा, तर तो वर्ग कोणता, असा त्यांचा प्रश्न. ६१ ची निवड सहज झाली असेल असं मला मुळीच वाटत नाही. ६० साठी ३१ आणि ४ ही जोडी पुरते (४ च्या वर्गाची ६० पट आणि वर १ म्हणजे ३१ चा वर्ग), ६२ साठी ६३ आणि ८. मधल्या ६१ साठी मात्र १७६६३१९०४९ हून लहान उत्तरच नाही, आणि शंभराच्या आतल्या कोणत्याही संख्येला किमान उत्तर एवढं मोठं लागत नाही.

या प्रश्नप्रकाराला आपल्याकडे 'वर्गप्रकृती' म्हणत. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये दोन उत्तरांचा गुणाकार करून तिसरं काढण्याची रीत दिली, ती 'भावना'. तिला 'चक्रवाल' रीतीची, म्हणजे एका जोडीवरून पुढची जोडी काढत चक्रासारखं फिरत जाण्याच्या रीतीची, जोड पुढे मिळाली. जयदेव या गणितज्ञाची ती रीत १०७३ मधल्या एका टीकेत उद्धृत आहे. भास्कराचार्यांनी ती लख्खपणे मांडली.

६१ साठी ती अशी चालते. पहिली जोडी ८ आणि १. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ ने जास्त. आता असा अंक निवडायचा की त्यात ८ मिळवले तर ३ ने भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ७ घेतला की पुढची जोडी मिळते ३९ (८ गुणिले ७ अधिक ६१, भागिले ३) आणि ५ (८ अधिक ७, भागिले ३) : ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उणे ४. फरक ४ वर आला की चक्र पुढे फिरवायची गरजच नाही. ब्रह्मगुप्तांच्या नियमाने थेट २९७१८ आणि ३८०५ मिळतात, फरक उणे १. या जोडीची स्वतःशीच भावना केली की उत्तर हातात. कोट्यवधी आकडे चाचपडत न बसता चार ओळींत! मला या रीतीचं खरं मोल इथेच दिसतं.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

युरोपात हाच ६१ उगवला तो १६५७ मध्ये. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात तो घातला, भारतातल्या कामाची काहीही कल्पना नसताना. ब्राउंकर आणि वॉलिस या इंग्रज गणितज्ञांनी सोडवण्याची रीत काढली. पुढे गणितज्ञ ऑयलर यांनी श्रेय चुकून पेल या इंग्रज गणितज्ञाला दिलं आणि 'पेलचं समीकरण' हेच नाव रूढ झालं. पूर्ण वर्ग नसलेल्या कोणत्याही संख्येसाठी उत्तर असतंच, हे गणितज्ञ लाग्रांज यांनी १७६८ मध्ये सिद्ध केलं. फर्मांच्या त्याच पत्रात १०९ ही संख्याही होती. तिचं किमान उत्तर पंधरा अंकी आहे, १५८०७०६७१९८६२४९, आणि तेही चक्रवालाने निघतं.