पक्षाचेच जुने शब्द, पक्षाचीच बंदी : चिनी सेन्सॉरशिपची पार्श्वभूमी

१९९९ साली चीनमध्ये एक पुस्तक निघाले आणि लवकरच त्यावर बंदी आली. त्यात नवे लिखाण जवळजवळ नव्हतेच. १९४०च्या दशकात चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रांनी छापलेले अग्रलेख आणि पक्षनेत्यांची वक्तव्ये, एवढेच संपादकाने एकत्र केले होते. एकपक्षीय राजवट संपवा, निवडणुका घ्या, वृत्तपत्रांवरचे निर्बंध उठवा, अशा मागण्यांनी ते लेख भरलेले आहेत. तेव्हा सत्तेवर च्यांग कै-शेक यांचा कुओमिंतांग पक्ष होता आणि मागणारे कम्युनिस्ट होते. पन्नास वर्षांनी पक्षाला स्वतःचाच तो मजकूर लोकांच्या हातात नको होता.

चीनमधल्या सेन्सॉरशिपबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळते, त्यात बहुधा एका बाजूला साम्यवादी सरकार आणि दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्य धाटणीचे लोकशाहीवादी असतात. ही मांडणी अपुरी आहे. मागची ऐंशी वर्षे पाहिली तर ही कात्री पहिल्यांदा चालली ती पक्षाच्या घरातल्याच माणसांवर, आणि पुढेही पुन्हा पुन्हा त्यांच्यावरच चालली. समाजवादाचे वचन ज्यांनी खरे मानले आणि त्याचा हिशेब मागितला, ती ही माणसे.

जपानशी युद्ध चालू असताना कुओमिंतांगची राजधानी चोंगचिंगला होती. दोन्ही पक्षांत तेव्हा नावापुरती का होईना युती होती, त्यामुळे कम्युनिस्टांचे ‘शिनह्वा’ दैनिक तिथे निघे. मजकूर मात्र सरकारी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. जानेवारी १९४१ मध्ये सरकारी फौजांनी कम्युनिस्टांच्या न्यू फोर्थ आर्मीवर हल्ला केला आणि त्याची हकीकत सेन्सॉरने काढून टाकली. १८ जानेवारीच्या अंकात त्या मोकळ्या जागी कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय यांच्या हस्ताक्षरात सोळा अक्षरे छापून आली. एकाच घरातली माणसे एकमेकांवर शस्त्र का उगारता, असा त्यांचा रोख होता. कापलेल्या मजकुराची जागा कोरी सोडण्याची रीत चिनी पत्रकारितेत जुनी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये, कोविडची टाळेबंदी चालू असताना उरुमची शहरातल्या इमारतीला लागलेल्या आगीनंतर शांघाय आणि बीजिंगच्या रस्त्यांवर तरुण मुले कोरे कागद धरून उभी राहिली, तेव्हा त्या कागदांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

कम्युनिस्टांच्या स्वतःच्या राज्यात काय चालले होते? त्यांचे मुख्य ठाणे येनान. हे नाव मराठी वाचकाला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे ओळखीचे आहे. सोलापूरचे हे डॉक्टर १९३९ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर तिथे पोचले होते. डोंगरात कोरलेल्या गुहाघरांतले साधे, बरोबरीचे जीवन ही येनानची ख्याती होती आणि शहरांतले सुशिक्षित तरुण त्या ओढीने तिथे येत. वांग शिवेई त्यांतलेच. १९२६ पासून पक्षाचे सभासद, मार्क्स-लेनिनच्या ग्रंथांचे अनुवादक. मार्च १९४२ मध्ये पक्षाच्याच ‘जिएफांग’ दैनिकात त्यांचा लेख दोन हप्त्यांत आला. इथे कपडे तीन दर्जांचे आणि जेवण पाच दर्जांचे का, असा त्यांचा प्रश्न होता. आजाऱ्याला घोटभर नूडल्सचे पाणी मिळत नाही, विद्यार्थ्यांच्या वाट्याला दिवसातून दोनदा पातळ पेज येते आणि धडधाकट वरिष्ठांची मात्र वेगळी सोय होते, हे त्यांनी सरळ लिहिले. सगळे काही सर्वांना सारखेच वाटून मिळावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. विषमता गरजेपेक्षा जास्त असू नये, इतकेच ते सांगत होते.

वांग काम करत त्या संशोधन संस्थेच्या भिंतीवर त्या दिवसांत एक भित्तिपत्र लागत असे आणि त्यात तेही लिहीत. रात्री कंदिलाच्या उजेडात माओ ते वाचून आले आणि आता आपल्याला लक्ष्य सापडले असे म्हणाले, अशी आठवण सांगितली जाते. मे महिन्यात साहित्य-कलेवरच्या परिषदेत माओंनी सूत्र मांडले : साहित्य राजकारणाच्या हाताखाली असेल, क्रांतीच्या यंत्रातले चाक आणि स्क्रू म्हणून. हा दाखला लेनिनच्या १९०५च्या लेखातला होता, आणि तो लेख पक्षाच्या साहित्याविषयी होता. युद्धकाळात एका लढणाऱ्या पक्षाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त १९४९ नंतर सगळ्या देशाचा कायदा बनली, हे मला या इतिहासातले सर्वांत मोठे वळण वाटते. वांग यांच्यावर ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनच्या विरोधकाचा अनुयायी, असल्याचा शिक्का बसला, दोन आठवडे सभा घेऊन त्यांची जाहीर झाडाझडती झाली, १९४३ मध्ये अटक झाली आणि १ जुलै १९४७ला त्यांना मारून टाकण्यात आले. तो दिवस पक्षाच्या वर्धापनदिनाचा. आरोप खोटा होता हे मान्य करायला १९९१ साल उजाडले.

सत्ता आल्यावर खासगी वृत्तपत्रे काही वर्षांत संपली. पुढचा मोठा बळी हू फंग, मार्क्सवादीच समीक्षक. लेखकाला पाच सुऱ्यांखाली लिहावे लागते, अशी तक्रार करणारा सुमारे ३ लाख अक्षरांचा अहवाल त्यांनी १९५४ मध्ये थेट मध्यवर्ती समितीला, रीतसर, पक्षाच्या मार्गाने पाठवला. १९५५ मध्ये पक्षाचे मुखपत्र ‘पीपल्स डेली’ने त्यांची मित्रांना लिहिलेली खासगी पत्रे माओंच्या टिपणांसह पुरावा म्हणून छापली. हू फंग १९७९ पर्यंत कैदेत होते.

चू आन-पिंग यांची गोष्ट सांगितल्याशिवाय १९५७ समजत नाही. ते कम्युनिस्ट नव्हते. शांघायमध्ये त्यांनी चालवलेले ‘ग्वांचा’ हे साप्ताहिक कुओमिंतांगने १९४८ मध्ये बंद केले. त्याच साप्ताहिकात त्यांनी १९४७ मध्ये लिहून ठेवले होते की, कुओमिंतांगच्या राज्यात स्वातंत्र्य किती, हा प्रश्न आहे. कम्युनिस्टांच्या राज्यात ते आहे की नाही, हा प्रश्न होईल. एवढे कळूनही ते १९४९ नंतर देशातच राहिले. ‘शंभर फुले फुलू द्या’ या घोषणेखाली माओंनी पक्षावर टीका करा असे आवाहन केले, तेव्हा चू ‘ग्वांगमिंग’ दैनिकाचे मुख्य संपादक होते. १ जून १९५७ला ते बोलले : सारा देश म्हणजे पक्षाची मालमत्ता, अशी धारणा झाली आहे. ८ जूनला ‘पीपल्स डेली’चा अग्रलेख आला आणि वारे फिरले. सुमारे ५.५ लाख लोकांवर ‘उजवे’ असा शिक्का बसला. बोला म्हणून सांगितले म्हणून बोललेले, त्यांत पक्षाचेही हजारो सभासद, वर्षानुवर्षे श्रमछावण्यांत आणि खेड्यांत पाठवले गेले. चू १९६६ मध्ये बेपत्ता झाले, ते कायमचे. पुढे बहुतेकांवरचा शिक्का पुसला गेला. त्यांच्यावरचा अजून आहे.

या गप्प बसवण्याची किंमत दोनच वर्षांत दिसली. उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या माओंच्या ‘मोठी झेप’ मोहिमेत पिकांचे खोटे आकडे वर जात राहिले आणि त्या आकड्यांवर धान्याची वसुली होत राहिली. पक्षाच्या १९५९च्या लूशान बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआय यांनी माओंना खासगी पत्र लिहून शंका मांडली, तर त्यांचेच पद गेले. मग खालचा कोण बोलणार? १९५९ ते १९६१च्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज १.५ कोटीपासून ४.५ कोटीपर्यंत आहेत. यांग जिशेंग या सरकारी शिनह्वा वृत्तसंस्थेच्या ज्येष्ठ पत्रकाराने, ज्याचे वडील त्या दुष्काळात भुकेने गेले, वर्षानुवर्षे प्रांतोप्रांतीची दप्तरे धुंडाळून ३.६ कोटी हा आकडा मांडला. तेही पक्षाचे सभासद. त्यांचे पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला निघाले. मुख्य भूमीवर त्याला बंदी आहे. खुली वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष असलेल्या देशात इतका मोठा दुष्काळ दडून राहत नाही, हे अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन याच अनुभवाशी जोडलेले आहे.

सांस्कृतिक क्रांतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एकच नाव घेतो. जांग जिशिन ही ल्याओनिंग प्रांताच्या प्रचार विभागात काम करणारी पक्षसदस्य. माओंच्या चुकांवर तिने पक्षात मत मांडले. ४ एप्रिल १९७५ला तिला गोळी घालण्यापूर्वी तिची श्वासनलिका कापण्यात आली. मरताना तिने ओरडू नये म्हणून.

माओंनंतर डेंग शिआओपिंग आले आणि थोडा काळ दार किलकिले झाले. १९७८च्या हिवाळ्यात बीजिंगमधल्या शिदान भागातली एक भिंत भित्तिपत्रकांनी भरून गेली. डेंग यांनी आधी तिचे स्वागत केले. प्राणिसंग्रहालयात इलेक्ट्रिशियन असलेल्या वेई जिंगशेंगने तिथे लिहिले की, लोकशाहीशिवाय आधुनिकीकरण अपुरे आहे. मार्च १९७९ मध्ये त्याला अटक झाली आणि नंतर १५ वर्षांची शिक्षा. याच सुमारास राज्यघटनेत झालेल्या दोन बदलांकडे फारसे लक्ष जात नाही. मोठ्या अक्षरांची भित्तिपत्रके लावण्याचा आणि खुली चर्चा करण्याचा हक्क १९८० मध्ये वगळला गेला. १९७५ आणि १९७८च्या घटनांत असलेला संपाचा हक्क १९८२च्या घटनेतून गेला. त्या घटनेच्या ३५व्या कलमात भाषण, वृत्तपत्र आणि सभास्वातंत्र्य आजही लिहिलेले आहे. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या देशात कामगाराच्या हातचे हत्यार मात्र काढून घेतले गेले.

१९८९च्या एप्रिलमध्ये पक्षाचे सुधारणावादी माजी प्रमुख हू याओबांग वारले आणि बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन उभे राहिले. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीचा मजकूर वगळायला शांघायच्या ‘वर्ल्ड इकॉनॉमिक हेरल्ड’चे संपादक चिन बेनली यांनी नकार दिला, म्हणून शहराचे पक्षसचिव जियांग झेमिन यांनी त्यांना पदावरून दूर केले. मे महिन्यात बीजिंगचे पत्रकार, सरकारी दैनिकांतलेसुद्धा, आम्हाला खोटे लिहायला लावू नका असे फलक घेऊन चालले. ते आंदोलन चिरडणाऱ्या ४ जूनच्या कत्तलीनंतर जगाला विद्यार्थी आठवतात, पण देहदंड झालेली नावे कामगारांची आणि साध्या शहरवासीयांची होती. स्वतंत्र कामगार संघटना उभी राहणे पक्षाला निबंधांपेक्षा जास्त धोक्याचे वाटले.

आज ही यंत्रणा चालते कशी? सोव्हिएत रशियात छपाईपूर्वी प्रत्येक पान तपासणारे ग्लावलित हे खाते होते. चीनमध्ये मुख्य भार संपादकावर आणि आता इंटरनेट कंपनीवर टाकलेला आहे. प्रत्येक वृत्तपत्राला सरकारी वा पक्षीय पालकसंस्था लागते, पुस्तकाचा क्रमांक सरकारी प्रकाशनसंस्थांनाच मिळतो, आणि काय छापू नये ते प्रचार विभागाकडून कळते, बऱ्याचदा फोनवर. नेमकी रेघ कुठे आहे हे सांगितलेले नसल्याने माणूस तिच्या बऱ्याच अलीकडेच थांबतो. वरच्या अधिकाऱ्यांसाठी खरी माहिती देणारी अंतर्गत वार्तापत्रे वेगळी निघतात. फेसबुक आणि ट्विटर २००९ पासून बंद आहेत. २०१० मध्ये गूगलने मुख्य भूमीवरचे सर्च बंद केले. हार्वर्डचे गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, सरकारवरची कडवट टीकाही अनेकदा नेटवर टिकून राहते. लोक एकत्र जमण्याची शक्यता दिसली की पोस्ट नाहीशा होतात.

शी जिनपिंग यांच्या काळात टीकेची जागाही खूप आक्रसली. पक्षाच्या २०१३च्या ‘दस्तऐवज क्रमांक ९’ या अंतर्गत पत्रकाने घटनात्मक लोकशाही, नागरी समाज, स्वतंत्र पत्रकारिता यांच्याबरोबर पक्षाच्या इतिहासाची चिकित्साही धोक्याच्या यादीत घातली. सुधारणावादी जुन्या पक्षसदस्यांचे ‘यानह्वांग चुनच्यू’ मासिक २०१६ मध्ये त्यांच्या हातातून काढून घेतले गेले. गलवानच्या चकमकीत मेलेल्या चिनी सैनिकांच्या सरकारी आकड्यावर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगरला २०२१ मध्ये ८ महिन्यांची कैद झाली.

आणि मग शेनझेन. जुलै २०१८ मध्ये तिथल्या जासिक या वेल्डिंगयंत्रांच्या कंपनीतल्या कामगारांनी कायद्यात बसणारी युनियन काढू पाहिली. काहींना कामावरून काढले, काहींना पोलिसांनी उचलले. त्यांच्या पाठिंब्याला बीजिंग, नानजिंग आणि इतर विद्यापीठांतली मुले आली. ही मुले मार्क्स वाचणारी, माओंना मानणारी, ‘इंटरनॅशनल’ हे कामगार चळवळीचे गीत गाणारी होती. २४ ऑगस्टला पहाटे ह्वेचोऊमध्ये त्यांच्या मुक्कामावर छापा पडला आणि सुमारे ५० जण ताब्यात घेतले गेले. २६ डिसेंबरला, माओंच्या १२५व्या जयंतीच्या दिवशी, पेकिंग विद्यापीठाच्या मार्क्सवादी मंडळाचा अध्यक्ष त्या जयंतीच्याच कार्यक्रमाला निघाला असताना पोलिसांनी त्याला नेले. लगोलग विद्यापीठाने मंडळाची कार्यकारिणी बदलली आणि कामगारांच्या बाजूने उभे राहिलेल्या मुलांना बाहेर ठेवून आपल्या पसंतीचे विद्यार्थी नेमले.